मुहूर्त रविवारी नऊचा

पुण्यात, सदाशिव पेठेतला तळमजला. आधी तिथे संगणकाचे क्लास होते, मग एक ऑफिस. आता एमपीएससीच्या पोरांसाठी अभ्यासिका निघणार आहे, त्याआधी फरशी रंगवायची आहे. महिना जुलै. हा घटनाक्रम कुठल्या एकाच जागेचा नाही, अशा बऱ्याच जागांमध्ये जे होतं ते इथे एका खोलीत आणलं आहे.

४८ तास आधी, शुक्रवार सकाळी ९
गालिचा निघतो. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चिकटवलेला. मागचा फोम हाताला लागताच भुगा होऊन पडतो. खाली जुना कोबा, घोटून घोटून गुळगुळीत केलेला. त्यावर सोल्यूशनचे पिवळे-तपकिरी पट्टे, लावणाऱ्याने दातेरी पट्टी जशी ओढली तसे. न्हाणीघराच्या भिंतीलगत पांढरी पूड साचली आहे. "धूळ आहे, झाडून काढ," घरमालक काका सांगतात. ती धूळ नाही, लोणा आहे. जमिनीतली ओल क्षार घेऊन वर आली, ओल उडून गेली, क्षार मागे राहिले.

४४ तास, दुपारी १
पेंटर पट्टीने खरवडतो. सोल्यूशन निघत नाही म्हणून थिनर ओततो. थिनरने ते पातळ होतं आणि कोब्याच्या बारीक छिद्रांत उतरतं. वरून पट्टे जरा फिके दिसतात, एवढाच फायदा. पुतण्या ग्राइंडर सुचवतो: डायमंड चाक आणि धूळ ओढणारा व्हॅक्यूम जोडलेला, भाड्याने मिळतो. काकांना वरच्या मजल्यावर धूळ जाण्याची भीती. भीती अगदीच खोटी नाही. कोरडं सिमेंट घासलं की सिलिकाची धूळ उडते आणि ती फुप्फुसात बसते. पण व्हॅक्यूम आणि मास्क त्यासाठीच असतात. शिवाय घोटलेल्या कोब्याला ओरखडे पडल्याशिवाय रंग धरायला जागाच नसते.

४० तास, संध्याकाळी ५
पुतण्या फरशीवर पाण्याचे थेंब टाकतो. मिनिटाभरात मुरायला हवेत. खिडकीजवळचे मुरतात, मधले गोल होऊन बसून राहतात. तिथे वर सिमेंट नाही, सोल्यूशन आहे.

मग तो प्लॅस्टिकचा तुकडा आणतो. १८ इंच लांब, १८ इंच रुंद, चारी कडा टेपने बंद करायच्या आणि किमान १६ तास हात लावायचा नाही. खाली घाम धरला किंवा कोबा काळपट पडला की समजायचं, ओल आहे. आत्ता लावला असता तर शनिवारी सकाळी नऊला उत्तर मिळालं असतं. "पाऊस बाहेर पडतोय, घरात प्लॅस्टिक कशाला?" काका म्हणतात आणि तुकडा सायकलच्या सीटवर बांधतात.

जुन्या घरांत कोब्याखाली बहुधा दगडगोट्यांची भर, मुरूम आणि माती. ओल अडवणारा थर नाही. इतकी वर्षं ती ओल गालिच्यातून उडत होती. खोलीतला कुबट वास तिचाच होता. आता तिच्यावर झाकण बसणार आहे. माझ्या मते काम इथेच बिघडलं. यापुढे नुसती हमाली.

३६ तास, रात्री ९
ग्राइंडरऐवजी ॲसिड. मोकळ्या सिमेंटवर फसफस उठते, सोल्यूशनच्या पट्ट्यांवर काहीच नाही. कुठे रंग धरेल आणि कुठे नाही याचा नकाशाच फरशीवर उमटला आहे, पण सगळे नाक दाबून दाराबाहेर उभे आहेत. नंतर बादल्यांवर बादल्या पाणी. जुलैत.

२४ तास, शनिवार सकाळी ९
रात्रभर पंखा होता. वरून कोरडं.

२२ तास, सकाळी ११
इपॉक्सीचे दोन डबे, रेझिन आणि हार्डनर. त्यावर माणसाने चालायचं तर २४ तास, जड सामान ठेवायचं तर ७ दिवस थांबावं लागतं. हातात २२ आहेत.

पेंटरची हयात ऑइल पेंटमध्ये गेली. तो दोन्ही डबे एकदमच बादलीत ओततो, घोटतो आणि चहाला जातो. फरशीवर पसरलेल्या इपॉक्सीची उष्णता निघून जाते. बादलीत ती कोंडते, उष्णतेने क्रिया आणखी वेग घेते. अर्ध्या तासात बादलीला हात लावेना. रोलरमागे तारा ओढल्या जातात, मग रोलर जागीच चिकटतो. बादलीतून धूर. खोलीचा एक कोपरा उरलेला.

दुकानात त्या छटेचं इपॉक्सी नाही, ऑइल पेंट आहे. कोपऱ्याला तोच लागतो. ओलसर सिमेंटमधला अल्क ऑइल पेंटमधल्या तेलाचा हळूहळू साबण करतो. पण तितकं थांबायची वेळच येणार नाही.

१४ तास, संध्याकाळी ७
झड येते म्हणून खिडक्या बंद. इपॉक्सीवर पांढुरकी, तेलकट साय धरते. हार्डनर दमट हवेशी भिडला की असं होतं. काकू अंगठा टेकवून पाहतात.
"अहो, चिकटतंय."
"वरून चिकट आहे. आतून सुकलंय."

१० तास, रात्री ११
टेम्पोतून खुर्च्या येतात. डाग नकोत म्हणून पायांखाली वर्तमानपत्रं.

२ तास, रविवार सकाळी ७
वर्तमानपत्रं निघत नाहीत. फाडली तर मथळे फरशीवर उलटे उमटलेले, तरी वाचता येतात. न्हाणीघराच्या भिंतीलगत फुगे आलेत. पुतण्या एक नखाने फोडतो; खालचा कोबा ओला आहे. त्यावर काका पाट मांडून रांगोळी काढायला सांगतात.

० तास, सकाळी ९
आरती होते. पहिला विद्यार्थी बसायला म्हणून खुर्ची मागे ओढतो. खुर्चीबरोबर हातभर रंग सोलून येतो. सालीची खालची बाजू तुकतुकीत, तिच्यावर सोल्यूशनचे पिवळे पट्टे, सिमेंटचा एक कणही नाही. हा रंग कोब्याला लागलाच नव्हता.

सगळे सालीकडे बघतात. पेंटर काकांजवळ येऊन हळूच विचारतो, "काका, दुसरा हात मारू का?"