पायावरील फुगलेल्या शिरा : जखम होण्याआधीच उपचार हवेत

धाराशिव जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणारे मजूर असोत की दिवसभर उभे राहून शिकवणारे शिक्षक. पोटरीवरील निळ्या, वेड्यावाकड्या शिरा दुखत नाहीत तोवर दुर्लक्षितच राहतात. यांनाच ‘व्हेरिकोज व्हेन्स’ म्हणतात. रक्त हृदयाकडे नेणाऱ्या नीलांमधील झडपा निकामी झाल्या, की रक्त खाली साचून शिरा फुगतात. आनुवंशिकता व गरोदरपणही त्यास कारणीभूत ठरते. पुढे घोट्याजवळची त्वचा काळवंडते आणि कधी न भरणारी जखम होते. तिच्यावर नुसते मलम लावून भागत नाही. मूळ दोष डॉप्लर सोनोग्राफीने शोधावा लागतो. दाब देणाऱ्या मोज्यांनी आराम पडतो, झडप मात्र सुधारत नाही. सदोष शीर लेसर वा रेडिओलहरींच्या उष्णतेने बंद करतात. शीर फुटून रक्त वाहू लागल्यास रुग्णास आडवे करून पाय उंच धरावा, जखम घट्ट दाबावी व तातडीने रुग्णालय गाठावे.