'वासना' : एका शब्दाचा अर्थसंकोच

पंढरपुरात चंद्रभागेच्या वाळवंटात दशक्रिया चालू असते. पिंड मांडलेला आहे, कावळा शिवत नाही. कोणी म्हणते, "वासना कशात अडकली असेल?" मग नातीचे लग्न, राहिलेले कर्ज, अशी एकेक वचने दिली जातात. येथे 'वासना' शब्दाला कामुकतेचा स्पर्शही नाही. आप्तांना तो अवमानकारकही वाटत नाही. 'अन्नावरची वासना उडाली' हा प्रयोगही त्याच जातीचा. उलट, वृत्तपत्रात 'वासनांध' वाचताना दुसरा अर्थ मनात येतच नाही. एकाच भाषकसमाजात हे दोन्ही अर्थ परस्परांना न भेटता नांदतात.

व्युत्पत्ती 'वास्' (सुगंधित करणे) आणि 'वस्' (राहणे) या दोन्ही धातूंशी जोडली जाते. बौद्ध विज्ञानवाद्यांना पहिला धातू जवळचा. फुलांत ठेवलेल्या तिळांना गंध लागतो आणि फुले काढून घेतल्यावरही तो उरतो. कर्माचा चित्तावरील ठसा असाच. (बुक्क्याच्या या गावात हा दृष्टांत समजावून सांगावा लागत नाही.) योगसूत्रांच्या कैवल्यपादातही हा शब्द स्मृती व संस्कार यांच्या संदर्भात येतो. रजोगुणातून उपजणाऱ्या वैऱ्याला गीता 'काम' म्हणते, 'वासना' नव्हे. संतवाङ्मयातही त्याचा रोख मुख्यतः इच्छामात्राकडे आणि पुनर्जन्माच्या बीजाकडे आहे.

असा व्यापक शब्द लैंगिकतेपुरता आकुंचित झाला, एवढ्याने बिघडत नाही. अर्थसंकोच ही भाषेतील नित्याची घटना आहे. परंतु आकुंचित होताना त्याने जुना तात्त्विक भार सोबत आणला: वासना ही आतून उसळणारी, पूर्वसंस्कारांनी आलेली, जणू कर्त्याच्या स्वाधीन नसलेली. 1994 साली उघडकीस आलेले जळगावचे प्रकरण वृत्तपत्रांनी 'वासनाकांड' या नावाने छापले. छायाचित्रांचा धाक दाखवून केलेली जबरदस्ती त्या नावात कोठेच दिसत नाही. दिसतो तो केवळ एक अनावर विकार, आणि तोही कोणाचा हे मोघमच राहते.

कान्होपात्रेच्या कथेचे निरूपणही या शब्दाच्या आहारी गेले आहे. बिदरच्या बादशहाची 'वासना' आणि तिची भक्ती असा सामना रंगवला जातो. महीपतींच्या 'भक्तविजया'तील (1762) घटनाक्रम पाहावा. मंगळवेढ्याची ही गणिकाकन्या पंढरीत विठ्ठलाच्या आश्रयास राहिलेली. तिला घेऊन येण्यासाठी बादशहा सेवक धाडतो. तिच्यापुढे उभी राहते ती राजाज्ञा, सशस्त्र आणि नकार न ऐकणारी. तिला नाही म्हणण्याची मुभा नव्हती, या गोष्टीला आपल्या निरूपणात अद्याप वेगळा शब्द मिळालेला नाही.