कावेरीकाठच्या मराठी घरातील दिवे

तंजावराहून कुंभकोणम्‌कडे जाणाऱ्या रस्त्यावर, कुंभकोणम् सुमारे पंधरा किलोमीटर उरले असता, पापनाशम् हे तालुक्याचे गाव लागते. भोवताली कावेरी आणि तिच्या फाट्यांच्या पाण्यावर पोसलेली भातशेती, मध्ये देवालये, आणि देवालयांच्या आधाराने वसलेल्या ब्राह्मणांच्या नि कारागिरांच्या आळ्या, असे या सबंध प्रदेशाचे रूप आहे. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावर हस्तगत केले. त्यानंतर महाराष्ट्रातून आलेली कुटुंबे राजधानीपासून कुंभकोणम्‌पर्यंतच्या या पट्ट्यात स्थायिक झाली. पुढे त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे येथे दिवाणगिरी गाजविणारे सर टी. माधवराव १८२८ मध्ये जन्मले ते कुंभकोणम् येथे, अशाच एका मराठी घराण्यात.

या मंडळींच्या इतिहासाविषयी लिहिताना सरस्वती महाल ग्रंथालय, कीर्तनपरंपरा, नाटके आणि बृहदीश्वराच्या मंदिरात १८०३ मध्ये कोरलेला भोसले वंशाचा मराठी शिलालेख यांचा उल्लेख हटकून होतो, आणि तो योग्यच आहे. परंतु राजवाड्याबाहेरचा मराठी माणूस सूर्यास्तानंतर ज्या उजेडात जेवला, पोथी वाचता झाला आणि पाहुण्याची वाट पाहता झाला, त्या उजेडाचाही एक इतिहास आहे. घर उजळावे कसे, याचा विचार आपल्या पूर्वजांनी किती काळजीपूर्वक केला होता, हे त्यावरून कळून येते.

प्रथम घराचा विचार करू. महाराष्ट्रातील वाड्याला जशी ओसरी, पडवी आणि मधला चौक, तशी तंजावर प्रांतातील घराला रस्त्यालगत ‘तिण्णै’ म्हणजे ओटा, मग आत जाणारी बोळवजा वाट आणि मध्यभागी ‘मुट्रम्’ म्हणजे उघडा चौक असे. अग्रहारातील घरे एकमेकांस चिकटून ओळीने बांधलेली. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्याशी सामाईक. त्यामुळे त्यांत खिडकी ठेवण्यास वावच नाही. उजेड येणार तो पुढच्या दारातून, मागच्या परसातून आणि मधल्या चौकातून. म्हणून दारे एका रेषेत ठेवीत. पुढच्या दारात उभे राहिले असता नजर थेट परसापर्यंत पोहोचावी, अशी ती योजना. वाड्याच्या चौकाशी परिचित असलेल्या मराठी कुटुंबास हे घर फारसे परके वाटले नसावे.

दिवसाचा उजेड असा आत घेतला, तरी रात्रीचा प्रश्न उरतोच. तंजावर विषुववृत्तापासून केवळ अकरा अंशांच्या आत असल्याने तेथे ऋतूंप्रमाणे दिनमानात फारसा फरक पडत नाही. सूर्य वर्षभर साधारण पावणेसहा ते पावणेसातच्या दरम्यान मावळतो. त्यामुळे दिवेलागणीची वेळ बाराही महिने जवळपास ठरलेली, आणि तिच्याभोवती घराचा नित्यक्रम बांधलेला.

तेलवातीचा एक दिवा फार तर मेणबत्तीइतका प्रकाश देतो. आजच्या मापाने सांगावयाचे तर मेणबत्तीचा उजेड सुमारे १२ ल्युमेन आणि जुन्या साठ वॅटच्या विजेच्या दिव्याचा सुमारे ७००. म्हणजे एका बल्बच्या जागी पन्नास-साठ ज्योती लावाव्या लागतील. इतके तेल जाळणे सामान्य गृहस्थास अशक्य होते. तेव्हा थोडा उजेड नेमक्या जागी पोहोचविणे हीच खरी विद्या. ज्या भिंतीत दिवा ठेवावयाचा तेथे कोनाडा कोरलेला असे. मराठीत आपण त्याला दिवळी म्हणतो, तमिळमध्ये ‘माडम्’. वाऱ्यापासून ज्योतीचे रक्षण, काजळी एकाच ठिकाणी धरणे, आणि चुन्याने घोटलेल्या आतल्या पांढऱ्या अंगावरून उजेड परतवून खोलीत पसरविणे, ही तिन्ही कामे एक वीतभर पोकळी करीत असे. जाणाऱ्या-येणाऱ्याच्या धक्क्याने दिवा कलंडण्याची भीती नाही, हा आणखी एक फायदा.

दिव्यांचे प्रकारही कामाप्रमाणे वेगळे. देवापुढे समई आणि निरांजन. माजघरात कडीला साखळीने टांगलेला लामणदिवा, ज्याचा उजेड वरून खाली पानांवर पडे. हातात धरून परसात किंवा कोठीच्या खोलीत जाण्यासाठी लहान दिवा. आणि रात्री बाहेर पडावयाचे झाल्यास दिवटी अथवा मशाल. एकच मोठा दिवा मध्ये टांगून सारे घर उजळण्याची कल्पना त्या काळी नव्हती. माणूस जेथे बसेल तेथे उजेड जाई.

घराबाहेरच्या दिव्याचा हेतू निराळा. तिण्णैच्या भिंतीतील कोनाड्यात तिन्हीसांजेला लावलेली पणती घरच्यांपेक्षा वाटसरूच्या अधिक उपयोगी पडे. पायरी कोठे आहे, ओटा कोठे संपतो, हे तिने दाखवावे. आणि या घरी कोणी जागे आहे, इतके कळवावे. तिण्णै ही प्रवाशास क्षणभर टेकण्याची जागा होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या दिव्यामागील आतिथ्याची भावना लक्षात येईल. पहाटे हाच दिवा दारापुढे सडा घालून ‘कोलम्’ काढणाऱ्या गृहिणीच्या कामी येई.

सार्वजनिक उजेडाचा विचारही या भूमीत पुरातन आहे. राजराज चोळाने तंजावरचे बृहदीश्वराचे मंदिर १०१० मध्ये पूर्ण केले. तेथील शिलालेखांत अखंड तेवणाऱ्या दिव्यांच्या देणग्यांचा हिशेब कोरलेला आहे. एका दिव्याला रोज एक ‘उळक्कु’ तूप पुरविण्यासाठी ९६ मेंढ्या, किंवा ४८ गाई, किंवा १६ म्हशी नेमून दिलेल्या असत. देणगीची गुरे संख्येने कधी घटू नयेत, ही जबाबदारी गुराख्याकडे. म्हणून लेखांत त्यांना न मरणारी, न म्हातारी होणारी मेंढरे असे म्हटले आहे. या अखंड दिव्याचे तमिळ नाव ‘नंदाविळक्कु’ आणि आपल्याकडचा ‘नंदादीप’ ही दोन नावे जवळजवळ ठेवून पाहिली, म्हणजे नव्याने आलेल्या मराठी कुटुंबास तेथील देवळात परकेपणा का वाटला नसेल, हे उमगते.

सणांचेही तसेच. आपली त्रिपुरी पौर्णिमा आणि तमिळांचे कार्तिकै दीपम् कधी एकाच दिवशी येतात, कधी महिन्याच्या अंतराने. महाराष्ट्रात त्या रात्री देवळापुढील दगडी दीपमाळ पेटते. इकडे घरोघरी ओट्यावर पणत्यांच्या ओळी लागतात आणि देवळापुढे ताडाच्या खोडाची ‘चोक्कप्पनै’ जाळतात.

दिवे ज्या गावी ओतले जात तेही येथून जवळच आहे. कुंभकोणम्‌पासून सुमारे दहा किलोमीटरांवरचे नाच्चियारकोविल पितळी दिव्यांसाठी सर्व दक्षिणेत प्रसिद्ध आहे. तेथील उभ्या समईला ‘कुत्तुविळक्कु’ म्हणतात. बैठक, दांडा, तेलाची तबकडी आणि शिरोभाग असे तिचे सुटे भाग वेगवेगळे ओतून, कातून, मळसूत्राने एकात एक बसवितात. शिखरावर बहुधा हंस असतो. साचा करावयास कावेरीच्या खोऱ्यातील बारीक गाळमाती वापरतात. तिच्या गुणामुळे ओतीव काम सफाईदार उतरते, असे तेथील कारागीर मानतात. या दिव्यांना २०१० मध्ये भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण मिळाले. भाग सुटे करता येतात, म्हणूनच ही समई घासण्यास सोपी आणि प्रवासास सोयीची. बदलीच्या नोकरीत गावोगाव हिंडलेल्या अनेक कुटुंबांच्या सामानात ती कपड्यांत गुंडाळून सुखरूप फिरली आहे.

या प्रदेशातील मराठी दिव्यांमध्ये एकाची कथा विशेष हृद्य आहे. कुंभकोणम्‌च्या ईशान्येस तिरुविडैमरुदूर येथे महालिंगस्वामीचे प्राचीन मंदिर आहे. तंजावरच्या राजघराण्यातील अम्मणी अम्माळ या तरुणीने तेथे नवस केला होता, की आपल्या आतेमामेघरच्या प्रतापसिंहाशी आपला विवाह झाला, तर देवाला लक्ष दीप लावीन. तो विवाह झाला आणि १८५३ मध्ये तिने नवस फेडला. त्या लक्षदीपांपैकी एक म्हणून तिने स्वतःचीच पितळी मूर्ती ओतवून घेतली: ओंजळीत पणती धरून देवापुढे उभी असलेली दीपलक्ष्मी. तिच्या बैठकीवर ही हकीकत कोरलेली आहे. (हा प्रतापसिंह म्हणजे १७६३ मध्ये निवर्तलेले त्याच नावाचे राजे नव्हेत, हे सांगणे अवश्य आहे.) पुढे दोनच वर्षांनी, १८५५ मध्ये, दुसरे शिवाजीराजे पुत्रहीन निवर्तले आणि तंजावरची नाममात्र उरलेली गादीही कंपनी सरकारने खालसा केली. राज्य गेले. एका मुलीने प्रीतीपोटी लावलेला दिवा मात्र आपल्या इतिहासाचा साक्षी म्हणून राहिला.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घासलेट आले, आणि काचेची चिमणी व कंदील यांनी तेलवातीस माजघरातून बाहेर काढले. महाराष्ट्रात कऱ्हाडजवळ १९१६ मध्ये स्थापन झालेल्या ओगले काच कारखान्याचा ‘प्रभाकर’ कंदील घरोघरी गेला, हे आपणांपैकी पुष्कळांस आठवत असेल. पाठोपाठ वीज आली, आणि तीही कावेरीच्याच पाण्यावर. शिवसमुद्रम् येथे १९०२ मध्ये वीज निर्माण होऊ लागली. १९०५ मध्ये तिने बंगळूरचे रस्ते उजळले. मेट्टूरचे धरण १९३४ मध्ये पुरे झाले व १९३७ पासून तेथेही वीज होऊ लागली. ज्या नदीच्या गाळात समईचा साचा घडत होता, तिच्याच प्रवाहाने समईची जागा घेणारा दिवा पेटविला!

विजेने उजेड मुबलक झाला. परंतु तो कोठे हवा, हा प्रश्न मात्र आपण विसरलो. छताच्या मध्यभागी एक झगझगीत नळी लावली, की खोलीचे काम झाले असे मानण्याची सवय पडली. वाचणाऱ्याच्या पुस्तकावर त्याचीच सावली, ओट्यापाशी उभ्या असलेल्या गृहिणीच्या हाताखाली अंधार, आणि जिन्याच्या पायरीवर काहीच नाही, असे दृश्य सुस्थितीतील घरांतही दिसते. निळ्या प्रकाशाच्या डायोडचा शोध लावणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१४ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्या शोधामुळे आज आठ-नऊ वॅटमध्ये जुन्या साठ वॅटचा उजेड मिळतो. आता काटकसर तेलाची नाही, विजेचीही फारशी नाही. तरीही जुन्या घराची शिकवण लागू पडते. दिवा कामाच्या जागी असावा. त्याची ज्योत थेट डोळ्यांत येऊ नये, भिंतीवरून परतून यावी. विश्रांतीच्या जागी उजेड पिवळसर आणि मंद असावा. वृद्ध माणसांच्या वाटेवर रात्रभर एक लहान दिवा राहावा. आणि दारावरच्या दिव्याने पायरी दाखवावी, शेजाऱ्याची झोप मोडू नये. नोव्हेंबर २०१८ मधील ‘गज’ चक्रीवादळानंतर तंजावर जिल्ह्याच्या दक्षिण भागात कित्येक दिवस वीज नव्हती. अशा वेळी उपयोगी पडेल असा, विजेवाचून चालणारा एक दिवा घरात हाताशी असावा, हीही जुनीच शहाणीव होय.

आपल्यापैकी अनेकांची मूळ घरे विकली गेली आहेत. ओटा जाऊन तेथे दुकानाचे शटर आले, चौकावर स्लॅब पडला, दिवळ्या विटांनी बुजल्या. मुले चेन्नई, पुणे, बंगळूर आणि परदेशी गेली. दिवे मात्र अजून पुष्कळ घरांत माळ्यावर आहेत, आणि घर आवरताना वजनावर मोडीत जातात. पितळेचा भाव त्यांचे मोल सांगू शकत नाही. आषाढ अमावास्येला, दिव्यांच्या अवसेला, आपण सारे दिवे काढून घासतो व पूजितो. येत्या अवसेस घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून, कोणता दिवा कोठून आला, कोणी आणला, तो घरात कोठे ठेवला जाई, एवढे एका वहीत लिहून ठेवावे, अशी सर्व कुटुंबांस विनंती आहे. पन्नास वर्षे परमुलखात मराठी सण एकत्र साजरे करणाऱ्या आपल्या मंडळाने या नोंदी एकत्र केल्या, तर पुढील पिढीस आपल्या घरांचा एक विश्वसनीय इतिहास हाती लागेल. तो लिहिण्यास राजदरबारचे दप्तर लागत नाही. ज्यांना या गोष्टी आठवतात ती माणसे आपल्यात आहेत, तोवरच हे काम व्हावयास हवे.