स्थानिक जाहिरातीचा परीघ: महाराष्ट्रातील नभोवाणी आणि केबल

लहान व्यापाऱ्याला आवाजाची आणि चित्राची जाहिरात परवडू लागली ती मुख्यतः प्रसारणाचा परीघ लहान होत गेल्यामुळे, असे महाराष्ट्रातील नभोवाणी आणि दूरचित्रवाणीच्या इतिहासावरून दिसते. १९५७ साली सुरू झालेल्या विविध भारतीवर पहिली दहा वर्षे जाहिराती नव्हत्या आणि भारतीय श्रोत्यांपर्यंत त्या पोहोचत त्या रेडिओ सिलोनवरून. परंतु ते केंद्र लघुलहरींवर, म्हणजे शेकडो कोस जाणाऱ्या रेडिओलहरींवर, देशभर ऐकू येत असल्याने तेथील वेळ विकत घेणे देशभर माल विकणाऱ्या कंपन्यांनाच फायद्याचे होते. १ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबई, पुणे आणि नागपूर येथून विविध भारतीची व्यापारी सेवा सुरू झाली, तेव्हा ‘स्पॉट’, म्हणजे काही सेकंदांची ध्वनिमुद्रित जाहिरात, प्रथमच शहरागणिक विकली जाऊ लागली. दूरदर्शनने १ जानेवारी १९७६पासून जाहिराती स्वीकारल्या, तरी तालुक्याच्या गावातील कापड दुकानदाराचा आधार चित्रपटगृहात मध्यंतराला दाखवली जाणारी काचेची स्लाइड हाच राहिला.

ही कोंडी फोडण्यात केबलचालकांचा वाटा मोठा आहे आणि त्याची नोंद अभ्यासकांनी पुरेशा आदराने घ्यायला हवी. १९८०च्या दशकात इमारतीतील एका व्हिडिओ यंत्रावरून घरोघरी तार नेऊन चित्रपट दाखवण्याचा व्यवसाय उभा राहिला, १९९१च्या आखाती युद्धानंतर त्याला उपग्रह वाहिन्यांची जोड मिळाली आणि १९९५च्या कायद्याने त्याची नोंदणी बंधनकारक झाली. केबलचालक स्वतःच्या वाहिनीवर चित्रपट लावी आणि पडद्याच्या तळाशी सरकणारी अक्षरांची पट्टी चालवी, जिच्यात शिकवणी वर्गाचे प्रवेश, साड्यांचे प्रदर्शन, मंगल कार्यालय, नवा दवाखाना अशा गोष्टी येत. चित्रीकरणाचा खर्च नसे, दर ओळखीने ठरे, आणि जाहिरात जेथे दिसे तेथूनच गिऱ्हाईक येण्यासारखे असे. त्या दशकांतील निमशहरी बाजारपेठेचा इतिहास लिहिताना या पट्ट्यांना वृत्तपत्रीय जाहिरातींइतकेच महत्त्व दिले पाहिजे. मुंबईत २०१२ साली आणि त्यानंतर इतर शहरांत केबलचे डिजिटलीकरण झाले. प्रक्षेपणाची सूत्रे मोठ्या वितरकांकडे गेली आणि लहान चालकाची ही मोकळीक आटली.

नभोवाणीचा परीघही दरम्यान आकसत होता. आकाशवाणीची सातारा, बीड, धुळे, यवतमाळ यांसारखी जिल्हा केंद्रे उभी राहिली आणि २००६च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओची, म्हणजे एका छोट्या परिसरातील लोकांनीच चालवायच्या केंद्राची, परवानगी दिली. प्रक्षेपकाची प्रभावी शक्ती सर्वसाधारणपणे १०० वॅट, जाहिराती तासाला फार तर ५ मिनिटे आणि त्याही स्थानिक कार्यक्रम, व्यवसाय, सेवा व रोजगार यांच्याच, अशी अट त्यात होती. देशव्यापी मालाच्या जाहिरातदाराशी स्पर्धा न करता गावच्या व्यावसायिकाला वेळ मिळावा, ही त्या धोरणातील सर्वांत दूरदृष्टीची बाब म्हणावी लागेल. माण तालुक्यातील म्हसवड येथे ग्रामीण उद्योजक स्त्रियांसाठी काम करणाऱ्या माणदेशी संस्थेने असेच केंद्र चालवले.

फोनवर किंवा संकेतस्थळावर मागणी घेणाऱ्या आजच्या घरगुती व्यावसायिकाचे गिऱ्हाईक मात्र कोठेही असू शकते, तर अशा केंद्राचा आवाज काही किलोमीटरांपलीकडे पोहोचत नाही. म्हणून त्याला या जाहिरातीचा खरा उपयोग होतो तो ताजे खाद्यपदार्थ, मापाचे शिवणकाम, दुरुस्ती अशा, त्याच परिघात पुरवता येणाऱ्या कामांसाठी.