जपानी गुन्हेपटांची मोहिनी

चोरांच्या गोष्टी आपल्याला कां आवडतात, हा प्रश्न मीं वर्गांत मुलांना कधीं विचारला नाहीं. कारण त्याचें उत्तर मजपाशींच नव्हतें. असल्या चित्रपटांनीं मुलें बिघडतात, असें मात्र मी वर्षानुवर्षें ठासून सांगत आलों. गेल्या पावसाळ्यांत नातवानें मला कांहीं जुने जपानी गुन्हेपट दाखविले. ते मीं शेवटपर्यंत पाहिले, इतकेंच नव्हे, तर दुसऱ्या दिवशीं पुन्हां लावावयास सांगितले! तेव्हां या मोहाची चौकशी करणें मला भाग पडलें.

अकिरा कुरोसावा यांचा ‘भटका कुत्रा’ या अर्थाच्या नांवाचा चित्रपट १९४९ सालचा. जपान त्या वेळीं पराभूत होऊन परकी सैन्याच्या अंमलाखालीं होता. एका तरुण पोलिसाचें पिस्तूल गर्दीच्या बसमध्यें चोरीस जातें आणि ऐन उन्हाळ्यांत तो तें शोधीत टोकियोभर हिंडतो. युद्धावरून परततांना या पोलिसाची पडशी कोणी लांबविली होती; ज्याच्या हातीं तें पिस्तूल पडलें, त्या गुन्हेगाराचीही तशीच गेली होती. आघात एकच, पण एक पोलिसांत शिरला व दुसरा दरोडे घालूं लागला. अखेरीस दोघेही चिखलानें माखून जवळजवळ पडलेले दिसतात, तेव्हां यांतील चोर कोणता, असा प्रश्न मनांत आल्यावांचून राहत नाहीं. परिस्थितीनें माणूस घडतो कीं निश्चयानें, हा जुना वाद इतक्या थोडक्यांत मांडलेला मीं नीतिपाठांतही वाचला नव्हता.

दुसरा प्रकार दरोड्याच्या बेताचा. निक्कात्सू ही १९१२ सालीं स्थापन झालेली चित्रसंस्था. तिनें १९६४ सालीं काढलेल्या एका चित्रपटांत जो शिशिदो हा नट तुरुंगांतून नुकत्याच सुटलेल्या माणसाचें काम करतो. अपंग बहिणीच्या उपचारासाठीं त्याला पैसा हवा असतो. घोड्यांच्या शर्यतींची रक्कम नेणारी चिलखती मोटार लुटण्याचा बेत आंखला जातो. नकाशा, घड्याळ, प्रत्येकाचें नेमून दिलेलें काम! भूमितींतील सिद्धांत पायरीपायरीनें सुटावा, तसें तें पाहतांना वाटतें. आपल्याला मोह पडतो तो चोरीचा नव्हे, तर चोख कामाचा. परंतु मनुष्याचा लोभ कोणत्याही भूमितींत बसत नाहीं. साथीदार एकमेकांवर उलटतात आणि सगळ्यांचाच नाश होतो.

प्रत्यक्षांत मात्र निराळेंच घडलें. १० डिसेंबर १९६८ रोजीं टोकियोजवळील फुचू येथें मोटारसायकलवरील पोलिसाच्या वेषांत आलेल्या एकानें बँकेची मोटार थांबविली. ‘गाडीखालीं स्फोटक आहे’ असें सांगून त्यानें धूर काढला. बँकेचे चार नोकर जीव घेऊन पळाले आणि तो गाडी घेऊन पसार झाला. कारखान्यांतील कामगारांच्या बोनसाचे सुमारें ३० कोटी येन गेले. रक्ताचा थेंब सांडला नाहीं. १९७५ सालीं खटल्याची मुदत संपली, तरी चोर सांपडला नाहीं. पडद्यावर चोराला शासन व्हावें आणि जगांत तो सुटावा, हा विरोध विचार करण्याजोगा आहे.

आतां राहिला देखणेपणा. त्याचे धनी दिग्दर्शक सेइजुन सुझुकी. जन्म १९२३, तारुण्य युद्धांत गेलें. निक्कात्सूमध्यें कथा वरून ठरून येई, पैसा तुटपुंजा आणि मुदत थोडकी. त्याच त्या टोळीवाल्यांच्या गोष्टीला ते नवें रूप देत. १९६६ च्या ‘टोकियोचा भटक्या’ या अर्थाच्या चित्रपटांत नायक फिक्या निळ्या पोषाखांत गात गात फिरतो, आणि शेवटची झुंज एका शुभ्र, जवळजवळ रित्या नृत्यगृहांत होते. पुढच्या वर्षीं त्यांनीं एक कृष्णधवल चित्र काढलें; त्यांतला मारेकरी शिजत्या भाताच्या वासावर लुब्ध असतो! संस्थेचे अध्यक्ष संतापले. असले न समजणारे चित्रपट आम्हांस नकोत, असें म्हणून १९६८ सालीं त्यांनीं सुझुकींना काढून टाकलें. सुझुकींनीं न्यायालयांत दाद मागितली. विद्यार्थी त्यांच्या बाजूनें रस्त्यावर उतरले. १९७१ मध्यें तडजोड झाली खरी, परंतु १९७७ पर्यंत त्यांच्या हातून एकही कथापट पडद्यावर आला नाहीं. तीं दहा वर्षें त्यांना कोण परत देणार? पुढें अमेरिकेंतील जिम जार्मुश यांनीं १९९९ सालच्या आपल्या चित्रपटांत सुझुकींच्या एका प्रसंगाची उघड आठवण ठेवली. सुझुकी २०१७ सालीं वारले.

श्रोतेहो, चोरांच्या कथा रंगविणाऱ्या या मनुष्यानें कोणाचें कांहीं चोरलें नव्हतें; ठरीव कामांत त्यानें थोडें स्वतःचें मन ओतलें, एवढाच त्याचा अपराध. तो विचार मनांत आला कीं मला माझा वर्ग आठवतो. अमुक चित्रपट पाहूं नका, असें मीं मुलांना पुष्कळदां बजाविलें. पाहतांना काय पाहावें, हें सांगितलें असतें तर अधिक बरें झालें असतें.