खडू, लाख आणि जुनें मेज

घरांतील जुन्या लांकडी सामानाचें दैव मोठें चमत्कारिक असतें. जोंपर्यंत त्याचा उपयोग आहे तोंपर्यंत त्याच्याकडे कोणी पाहत नाहीं, आणि ज्या दिवशीं कोणी पाहूं लागतें त्या दिवशीं तें बहुधा घराबाहेर जाण्याच्या वाटेवर असतें. गेल्या दिवाळीपूर्वीं घराची झाडलोट चालली असतां आमचें देवदारी कपाट आणि वडिलांचें सागवानी लिहिण्याचें मेज या दोहोंवर अशीच दृष्टि गेली. सूनबाई म्हणाल्या, “बाबा, भंगारांत कशाला द्यायचं? आपण दोन्ही चॉक पेंटनं रंगवूं. घासायला नको, कीं जुनं पॉलिश काढायला नको.” कपाटाविषयीं आमची ना नव्हती; पण मेजाचें नांव निघतांच आम्ही चपापलों. हा संकोच म्हणजे केवळ म्हातारपणाचा हट्ट, कीं त्यांत कांहीं विचार आहे, हें ठरविण्यासाठीं आम्हीं या रंगाच्या कुळाचा थोडा शोध घेतला. तोच येथें वाचकांपुढें ठेवीत आहों.

या रंगाचें नांव अलीकडचें आहे. इंग्लंडांतील ऑक्सफर्ड येथील सजावट-चित्रकार ॲनी स्लोन यांनीं १९९० सालीं तो बाजारांत आणला, आणि ‘चॉक पेंट’ हें त्यांच्या मालाचें नोंदलेलें नांव आहे. पाण्यांत कालविलेला, बिनचकाकीचा, जुन्या पॉलिशवर बहुधा सरळ बसणारा आणि वाळल्यावर वरून मेण चोळावयाचा, असा हा रंग आहे. नांव नवें असलें तरी त्यांतील द्रव्य फार पुरातन. खडू म्हणजे समुद्रांतील सूक्ष्म जीवांच्या कवचांचा घट्ट झालेला गाळ. तेलांत कालविला तर तो जवळ जवळ पारदर्शक होतो व त्याचा पांढरेपणा नाहींसा होतो. परंतु पाण्यांत व सरसांत कालवून वाळूं दिला, कीं कणाकणांमध्यें हवा राहते, तीमुळें प्रकाश चोहोंकडे विखुरतो आणि शांत, पांढरा पृष्ठभाग मिळतो. मेण चोळतांच रंग थोडा गडद दिसूं लागतो, याचें कारणही हेंच. हवेची जागा मेणानें घेतलेली असते.

लांकडावर असा पांढरा लेप देण्याची चाल किती जुनी आहे, हें पाहावयाचें तर मिसर देशापर्यंत जावें लागतें. १९२२ सालीं हॉवर्ड कार्टर यास तूतंखामेन राजाचें थडगें सांपडलें. त्यांतील एका लांकडी पेटीवर आधीं पांढरा लेप दिलेला असून त्यावर शिकारीचीं व युद्धाचीं चित्रें काढलेलीं आहेत. ती पेटी सुमारें ३,३०० वर्षांपूर्वींची आहे. पुढें इ. स. १४०० च्या सुमारास इटलींतील चेन्नीनो चेन्नीनी या चित्रकारानें आपल्या धंद्यावर जें पुस्तक लिहिलें, त्यांत जिप्समची पूड मोठ्या भांड्यांत पाण्यांत निदान महिनाभर ठेवून रोज ढवळावी, म्हणजे ती रेशमासारखी मऊ होते, असा विधि दिला आहे. इटलींत जिप्सम, तर उत्तर युरोपांत खडू, एवढाच काय तो फरक. उद्देश दोन्हीकडे एकच होता. लांकडाचीं छिद्रें व सांधे बुजवून चित्रासाठीं गुळगुळीत जमीन बांधणें, हा तो उद्देश. खडू हा मूळचा लांकडाचा शत्रु नव्हे. सामान्य लांकडास मान मिळवून देणारा तो त्याचा सोबती होय.

या खडूशीं आपल्या देशाचा संबंध जुळला तो लाखेच्या द्वारें. सतराव्या शतकांत चीन-जपानकडील काळ्या, चकचकीत सामानानें युरोपास वेड लावलें होतें. तें महाग, म्हणून त्याची नक्कल घरीं कशी करावी हें शिकविणारें एक पुस्तक जॉन स्टॉकर व जॉर्ज पार्कर यांनीं १६८८ सालीं प्रसिद्ध केलें, आणि तेंही ऑक्सफर्ड येथेंच! जाड्याभरड्या लांकडावर प्रथम सरस व खडू यांचे हात द्यावेत, तें गुळगुळीत करावें आणि मग लाखेचें रोगण चढवावें, अशी त्यांची रीत. ही लाख हिंदुस्थानांतून जात असे. आपल्या रानांतील पळस, बोर यांसारख्या झाडांवर एक किडा जें राळेसारखें द्रव्य निर्माण करतो, त्याचा चपडा जहाजांत भरून तिकडे रवाना होई. पुढें एकोणिसाव्या शतकांत हाच चपडा स्पिरिटमध्यें विरघळवून कापडाच्या बोळ्यानें घोटण्याची पद्धत रूढ झाली, आणि ती ‘फ्रेंच पॉलिश’ हें परकी नांव धारण करून आमच्या घरांत परत आली. माहेरची वस्तु सासरचें नांव लावून आली, म्हणून आम्हीं ती ओळखली नाहीं इतकेंच.

वस्तुतः खडू व लाख यांचा संसार आपल्याकडेही चालू होता. सावंतवाडीच्या चितारी मंडळींचे रंगीत पाट, चौरंग व पाळणे कोणीं पाहिले नाहींत? तेथील गंजिफांचीं पानें तयार करतांना कापडास चिंचोक्याची खळ लावीत, त्यावर खडूचा पांढरा लेप देऊन तें घोटीत, आणि मग चित्रें काढून लाखेनें तीं पक्कीं करीत. ही कला बुडण्याच्या बेतांत आली असतां सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनीं १९७० नंतरच्या दशकांत राजवाड्यांतच कारागिरांस बसवून तिला पुन्हा उभें केलें, हें सर्वश्रुत आहे.

सावंतवाडीचें नांव काढलें म्हणजे आम्हांस एक अपराध कबूल करणें भाग आहे. आमच्या आजीच्या माहेराहून आलेला एक चौरंग आमच्या घरीं होता. तांबड्या लाखेची जमीन, कडेनें वेल, मध्यें कमळ. रंग ठिकठिकाणीं उडाला होता. त्या काळीं आमच्यासारख्या शिकलेल्या लोकांची समजूत अशी, कीं रंगीत लांकूड खेडवळ, आणि साग दिसेल असें पॉलिश म्हणजे अभिरुचि. आम्हीं सुतार बोलावला. त्यानें एका दुपारींच चौरंग खरवडून पॉलिश करून दिला. सुताराचा दोष नाहीं. हुकूम आमचा होता. आई तो पाहून एवढेंच म्हणाली, “बरा दिसतोय.” त्यानंतर गणपतीस तिनें तो कधीं मागितला नाहीं, हें मात्र आमच्या लक्षांत फार उशिरा आलें.

हा प्रमाद कांहीं आमच्या एकट्याचा नव्हे. गेल्या शतकाच्या आधींच्या शतकांत इंग्लंडांतील जुन्या देवळांचा ‘जीर्णोद्धार’ करण्याच्या नांवाखालीं भिंतींवरचे जुने गिलावे खरवडून टाकण्याचा सपाटा चालला होता. त्याविरुद्ध विल्यम मॉरिस यानें १८७७ सालीं प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठीं एक संस्था काढली. तिला लोक थट्टेनें ‘खरवड-विरोधी’ म्हणत. शतकानुशतकें चढलेले थर हीच त्या वास्तूची हकीकत होय, ते काढले कीं हकीकत गेली, असें त्याचें म्हणणें. उलट, स्वीडनमधील चित्रकार कार्ल लार्सन व त्याची पत्नी कारीन यांनीं सुंडबोर्न गांवीं कारीनच्या वडिलांकडून १८८८ सालीं मिळालेल्या लहानशा घरांतील जुनें सामान खुशाल रंगविलें. जेवणाची खोली तांबड्या-हिरव्या रंगांनीं उजळली. त्या घराच्या चित्रांचें पुस्तक १८९९ सालीं निघालें आणि पुढें तो एका राष्ट्राच्या गृहसजावटीचा आदर्श ठरला. मॉरिस राखा म्हणतो, लार्सन रंगवा म्हणतो. यांत विरोध दिसतो खरा. पण तो वरवरचा आहे. दोघांपैकीं कोणीही खरवडा असें म्हणत नाहीं. चढविलेला थर पुढच्या पिढीस उतरवितां येईल. खरवडलेला थर कोणासही परत आणतां यावयाचा नाहीं.

यालाही एक मर्यादा आहे, ती सांगितली पाहिजे. उघड्या लांकडावर दिलेला खडूचा रंग रेषारेषांत शिरतो व पुरता निघत नाहीं. खालीं पॉलिशचा धड थर असेल तरच तो वरच्यावर राहतो. शिवाय कांहीं लांकडांतील तांबूस द्रव्य व गांठींतील राळ पाण्याच्या रंगांतून वर फुटते आणि पांढऱ्यावर पिवळे डाग पडतात. त्यावर उपाय, रंगाच्या आधीं चपड्याचा एक पातळ हात. म्हणजे पुन्हा खालीं लाख व वर खडू! आणखी एक सावधगिरीची गोष्ट. आपल्याकडे घरगुती रंगांतील शिसें दर दहा लाख भागांत ९० भागांवर आणणारा नियम २०१६ सालीं झाला. त्यापूर्वींच्या तेलरंगांत तें पुष्कळ असूं शकतें. तेव्हां जुना तेलरंग कोरडा घासून त्याची धूळ लेंकराबाळांच्या घरांत उडवूं नये.

अखेर निकाल असा लागला. देवदारी कपाट सूनबाईंनीं रंगविलें. आधीं चपड्याचा हात, मग फिकट निळ्या खडूरंगाचे दोन हात आणि वरून मेण. जें कपाट आम्ही पाहुण्यांपासून लपवीत होतों तें आतां दिवाणखान्यांत आलें आहे. मेज आम्हीं पुसून नुसतें मेण चोळून ठेवलें. उजव्या बाजूस दौतीचा वाटोळा डाग आहे, डावीकडे वडिलांच्या कोपरानें पॉलिश पांढुरकें झालें आहे. तो त्यांचा थर. त्यावर आमचा थर चढविण्याची गरज नाहीं. सूनबाईंनीं तें मान्य केलें, पण लागलीच विचारलें, “आणि तो चौरंग?”

चौरंगावर आम्हांस उत्तर सुचेना. तो जुना चौरंग परत येणार नाहीं, हें उघड आहे. परंतु त्यांनीं तो उलटा केला तेव्हां एका पायाच्या आंतल्या बाजूस, सुताराच्या पटाशीस न सांपडलेली, बोटभर तांबडी लाख अजून शिल्लक दिसली. तेव्हां ठरलें तें असें, कीं येत्या गणपतीपूर्वीं चौरंग सावंतवाडीस न्यावा, चितारी मंडळींकडून त्यावर नवी जमीन बांधून घ्यावी, हवी तीं फुलें काढवावीं. फक्त ती बोटभर जागा कोणीं रंगवूं नये.