विमान लेट झालं तर भरपाई कधी मिळते, कधी नाही

उमऱ्याला निघालेल्या किंवा आखातात नोकरीवर परतणाऱ्या माणसांचा आम्हाला नेहमीचा प्रश्न असतो, "विमान आठ-नऊ तास लेट झालं, किती पैसे मिळतील?" उत्तर आधीच सांगून टाकतो. भारतातल्या नियमात फक्त उशीर झाला म्हणून ठरलेली रक्कम मिळत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा ६०० युरोंचा मेसेज युरोपातून निघणाऱ्या, किंवा युरोपीय कंपनीने युरोपात जाणाऱ्या विमानांसाठी आहे. मुंबई-जेद्दाला तो लागू नाही. लंडनहून मुंबईला येणारे नातेवाईक असतील तर मात्र त्यांना ब्रिटनच्या वेगळ्या नियमाने पैसे मागता येतात, चार तासांपेक्षा जास्त उशीर झाल्यास ५२० पौंडांपर्यंत.

मग आपल्याकडे काय मिळतं? नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा नियम आहे. तुम्ही वेळेत चेक-इन केलं असेल तर अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाला दोन तास उशीर झाला की खाणं-पाणी फुकट. अडीच ते पाच तासांच्या प्रवासाला तीन तास. त्याहून लांबच्या प्रवासाला चार तास. म्हणजे मुंबई-दुबईला तीन तासांनंतर, मुंबई-जेद्दाला चार तासांनंतर. हे मागावं लागतं. एहराम बांधून बसलेल्या म्हाताऱ्या माणसांना कोणी आपणहून जेवण आणून देईल याची वाट पाहू नका, काउंटरवर जा.

हॉटेलचा नियम फार कमी लोकांना ठाऊक आहे. उशीर २४ तासांपेक्षा जास्त असेल तर हॉटेल आणि तिथवर जाण्या-येण्याची सोय कंपनीने करायची. पण विमानाची मूळ वेळ रात्री ८ ते पहाटे ३ च्या दरम्यान असेल, तर सहा तासांपेक्षा जास्त उशीर झाला तरी हा हक्क मिळतो. आखाताची बरीच विमानं रात्रीचीच असतात, म्हणून हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आता खरी मेख. हवामान, संप, दंगल, सुरक्षेचा धोका, सरकारी आदेश, हवाई वाहतूक नियंत्रणाची अडचण अशा कारणांनी उशीर झाला तर कंपनीला यातून सूट आहे. म्हणून काउंटरवर पहिली मागणी जेवणाचीही नको, उशिराचं कारण लेखी द्या, ही हवी. ईमेलवर दिलं तरी चालेल. नंतर कारण बदललेलं आम्ही ऐकलंय, आणि लेखी नसेल तर आपण काय दाखवणार? बोर्डाचा, बोर्डिंग पासचा फोटो काढून ठेवा, घोषणा झाल्याची वेळ लिहून ठेवा.

विमान रद्द झालं तर गोष्ट वेगळी. कंपनीने वेळेत कळवलं नसेल तर रोख भरपाई आहे. एक तासापर्यंतच्या प्रवासाला ५,००० रुपये, एक ते दोन तासांना ७,५००, त्यापुढे १०,०००. पण हा आकडा किंवा एका बाजूचं मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यांतलं जे कमी असेल ते. इथेही वरची सूट आहेच. परदेशी कंपनी असेल तर तिच्या देशाचा नियमही पुढे येऊ शकतो. पैशांऐवजी व्हाउचर घ्यायचं असेल तरच सही करा.

आणि इथेच आपल्या लोकांचं सर्वांत जास्त नुकसान होतं. ग्रुपचं तिकीट टूरवाला काढतो आणि बुकिंगवर नंबर त्याचाच असतो. कंपनीचा मेसेज त्याला जातो, आपण एअरपोर्टवर पोहोचल्यावर कळतं. कंपनी म्हणते, आम्ही कळवलं होतं. संपर्काचा नीट तपशील दिला नसेल तर भरपाई नाही, असं नियमातच आहे. तेव्हा पैसे भरताना टूरवाल्याला सांगा, भाऊ, आमचाही नंबर टाक. मग पीएनआर टाकून कंपनीच्या साइटवर स्वतः तपासा.

खरं नुकसान झालं असेल, म्हणजे मक्क्यातल्या हॉटेलची रात्र वाया गेली, कामावर रुजू व्हायची तारीख चुकली, पुढचं तिकीट बुडालं, तर १९९९ चा मॉन्ट्रियल करार कामाला येतो. भारत, सौदी, अमिराती तिन्ही त्यात आहेत. उशीर टाळण्यासाठी शक्य ते सगळं केलं हे कंपनीला सिद्ध करावं लागतं, आणि झालेलं नुकसान आपल्याला बिलांनी दाखवावं लागतं. रकमेला मर्यादा आहे. पुढचं विमान वेगळ्या पीएनआरवर असेल तर पहिली कंपनी हात झटकते. दोन-तीन हजार वाचवायला वेगवेगळी तिकिटं काढणाऱ्यांनी हे आधीच धरून चालावं.

तक्रार आधी कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे, मग अपील अधिकाऱ्याकडे, दोघांचे पत्ते कंपनीच्या साइटवर असतात. सोबत सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर नोंद करा. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. नाहीच जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. रत्नागिरीच्या माणसाला त्यासाठी मुंबई गाठायची गरज नाही. तिकिटाला मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील सक्तीचा नाही, आणि टूरवाल्यालाही सोबत प्रतिवादी करता येतं. मुदत दोन वर्षांची. तोवर बोर्डिंग पास फाडून टाकू नका.